दोन बोटं माया

सेलूत, जिनिंगच्या रस्त्याला माझं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पायमशीन,
आणि गळ्यात टेप.
टेपचा पहिला इंच झिजून गेलाय.
मी एकच्या रेघेपासून धरते
आणि शेवटी एक वजा करते मनात.

वजनकाट्यातलं मला कळत नाही.
छाती कळते, कंबर, दंडाचा घेर.

वकीलीणबाई सहा महिन्यांत चार इंच उतरल्या.
पहाटे कॉलेजच्या ग्राउंडवर चालतात,
परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता दिलाय:
भात बंद, गहू बंद,
ज्वारीची भाकरी, एकच, तळहाताएवढी.
बारा ब्लाउज टाकून गेल्या. सगळे आत घ्या,
आणि आतली माया कापून टाका.
माया ठेवली की अंग सुटतं, म्हणाल्या.

ज्वारी.
आमच्या घरी कणगीभर होती
तेव्हा पाहुण्यांपुढं ठेवायची लाज वाटायची.
आता मोंढ्यात भाव विचारते
आणि पुढं जाते.

सत्वशीला त्यांच्याकडंच भांडी घासते,
त्यांच्याकडं आणि आणखी तीन घरी.
तिचा दंड सोळा.
"काकू, फुगायलेय मी, अन् खायला तर काहीच नाही."
काहीच नाही म्हणजे
सकाळी साखरेचा चहा, दोन खारी, परत चहा,
दुपारी वकीलीणबाईंकडचा कालचा भात
(तिथं तो आता कुणी शिवत नाही),
दिवाळीनंतर आठ दिवस बालूशाही,
रात्री रेशनचा तांदूळ, पामतेलाची फोडणी.
माझ्या तीन पायऱ्या चढताना धापा टाकते.
गल्ली म्हणते, कुठंय गरिबी? माजलीय खाऊन.
सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणाली,
जरा चालत जा बाई.
ती हसली. कशानं आली होती मग?

तिची पोरगी सातवीला.
जूनमध्ये गणवेश शिवते मी शाळेचे.
सातवीतल्या निम्म्या पोरींना पाचवीचं माप
सैल होतं.
हेडमास्तर म्हणतात, वाढतं शिवा.
मी वाढतं शिवते.
पुढच्या जूनला तोच फ्रॉक, तेवढाच सैल,
फक्त रंग उडालेला.
आई अशी, लेक अशी. चूल एकच.

वकीलीणबाईंची माया कापली.
दोन दोन बोटांच्या पट्ट्या, मोरपंखी, राणी, जांभळ्या,
पायाशी ढीग झाला.
फेकवेना.
सत्वशीलाचा ब्लाउज काखेत उसवलेला होता,
दोन्हीकडं मोरपंखी तुकडा घातला.
काख कोण बघतंय.

दोन दिवसांनी आली.
म्हणाली, हात वर जायला लागला काकू,
काल माळ्यावरची जळमटं काढली मी.
मग जरा थांबून,
"बाई खाली उभ्या होत्या.
म्हणल्या, हा रंग कुठं बघितलाय गं मी?"