पळलं की फाऊल

सकाळी मी एकदम उठत नाही,
हप्त्याहप्त्यानं उठतो.
आधी कूस. मग कोपर. मग पलंगाची कड.
मग थोडा वेळ नुसता बसून
टाचांना विचारतो, येणार का.

आज रविवार, म्हणून येतात.

बुटाच्या नाड्या पोरगा बांधतो,
दरवेळी गाठ जरा जास्तच घट्ट मारतो.
काही बोलत नाही. मीही नाही.

मैदानावर रियाज शिट्टी घेऊन उभा.
नियम तेच, पण तो दर रविवारी नव्यानं सांगतो:
पळलं की फाऊल.
एक पाय कायम जमिनीला पाहिजे.
हेड नाही, धक्का नाही, घसरून टॅकल नाही.
"आणि चेंडू कमरेच्या वर गेला
तर मिसळीचं बिल त्याचं."

पहिल्यांदा ऐकून मी हसलो होतो.
ज्या गावात फायनलच्या दिवशी
पेठेतली दुकानं अर्धं शटर ओढून असतात,
जिथं मी बरगडी मोडलेली असताना शेवटपर्यंत पळालो
आणि हरलो म्हणून आठ दिवस
दूधकट्ट्याकडं फिरकलो नाही,
तिथं चालायचा फुटबॉल?

पण मगदूम मॅडमनी
माझ्या मणक्याचा फोटो उजेडावर धरला होता.
"हे बघा, इथं सांधा धरायला लागलाय.
निजून राहिलात तर त्याला वाटेल, झालं काम,
आणि तो कायमचा बसेल.
हलवत राहा. एकटे कंटाळाल. माणसं शोधा."

माणसं इंजेक्शनच्या रांगेतच होती.
कल्लाप्पा चौगुले, मान वळत नाही
म्हणून अख्खा माणूस वळवतो, बुरुजावरच्या तोफेसारखा.
प्राजक्ता सुतार, वय सव्वीस,
चार वर्षं जिला सगळ्यांनी सांगितलं
बायकांची कंबर दुखतेच.
आणि उत्तम साळोखे.
पलीकडच्या पेठेचा.
माझी बरगडी त्याच्याच कोपराची.

संघ कसे पाडायचे?
पेठांवर पाडले असते
तर चालता चालताही रक्त निघालं असतं.
प्राजक्ता म्हणाली,
आज उजवी बाजू ठणकते ते इकडं,
डावी ठणकते ते तिकडं,
दोन्ही ठणकतात ते गोलात.

तेव्हापासून तसंच.
आणि हे दुखणं एका बाजूशी इमान राखत नाही,
या रविवारी उजवीकडं, पुढच्या रविवारी डावीकडं.
ज्याला वीस वर्षं मी
'त्यांच्यातला' म्हणून ओळखला
तो महिन्यातून दोनदा माझ्या संघात निघतो.
पास मात्र अजून थोडा जोरातच देतो.

पहिली दहा मिनिटं सगळेच गंजलेले.
उद्यमनगरात माझा लेथ
थंडीत आधी रिकामाच फिरवावा लागतो,
तेल सगळीकडं पोचेपर्यंत,
तसं.
मग कधीतरी, नेमकं केव्हा ते कळत नाही,
कंबरेतला बोल्ट
एक आटा सैल होतो.

मागच्या रविवारी चेंडू माझ्याकडं आला.
समोर मोकळी जागा. गोल जवळजवळ रिकामा,
कल्लाप्पा अजून वळत होता.
आणि पायांना जुनं काहीतरी आठवलं.
तीन पावलं. खरी.
दोन्ही पाय हवेत.

शिट्टी.

मी तिथंच उभा, धापा टाकत,
चोरी सापडलेल्या पोरासारखा,
आणि तोंडावरचं हसू काही केल्या जाईना.

उत्तम त्या दिवशी पलीकडं होता, डावीवाल्यांत.
चालत आला. यायला त्याला वेळ लागला.
वाटलं, आता ऐकवणार.
"पळालास की रं," एवढंच म्हणाला,
आणि वाकता येत नाही म्हणून
पायानंच चेंडू माझ्यापुढं सरकवला.

फ्री किक खरं तर त्यांची होती.