झोपायची मुभा

रात्री सव्वादोनला लॉगमध्ये पुन्हा तीच ओळ:
झोपणारं फंक्शन, चुकीच्या जागी.
खाली स्टॅकचा उतरता जिना,
सोळा पायऱ्या, आणि तळाशी माझंच नाव,
दोन वर्षांपूर्वीच्या घाईतलं.

बाहेर टॉटरडाउनचा चढ गोठलेला.
समोरच्या घरांचे एवढे रंग, दिव्याखाली सगळे पिवळट.
टेबलावर भरतीमापकाचा बोर्ड, काडेपेटीएवढा,
एव्हनच्या चिखलात उभं राहून पाणी मोजायला बनवलेला.
पाणी हललं की तो दार वाजवतो.
दार वाजलं की कर्नल हातातलं सगळं टाकून उठतो,
आणि तेवढ्या वेळात त्याला झोपायची मुभा नसते.
कुणाची वाट बघायची नाही.
कुलूप दिसलं तर पायरीवर टेकायचं नाही.
मेमरी मागायचीच तर
'असेल तर दे, नसेल तर राहू दे' इतपत.
कारण त्या क्षणी त्याला स्वतःचं अंगच नसतं,
तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात आलेला असतो,
आणि अंगात आलेल्यावर पांघरूण कोण घालणार?

मी काय केलं होतं:
दार उघडलं आणि उंबऱ्यातच
सेन्सरला विचारत बसलो, किती पाणी, किती खारट,
आणि तो पडला संथ तारेवरचा, सावकाश बोलणारा.
उत्तर येईस्तोवर माझा डोळा लागला.
सगळी यंत्रणा उभ्या उभ्या कोसळली.

एस्तेर ट्रिआजला असते, रात्रपाळीला.
नगरला तिच्या आईला अजून वाटतं, मुलगी लोकांना बरं करते.
"मी कुणाला बरं करत नाही रे," ती म्हणते,
"बघते, मनगटाला पट्टी बांधते, पुढच्याला हाक मारते.
मी तिथे थांबले तर मागचा मरेल."

तेव्हा मी उंबऱ्यात आता फक्त चिठ्ठी लिहितो:
पाणी हललं, अमुक वाजता. बास.
चिठ्ठी वर्कक्यूत टाकतो, दार लावून घेतो.
मग कधीतरी, शेड्युलरला सवड होईल तेव्हा,
एक साधा कामगार थ्रेड, ज्याच्या नावात नुसता आकडा,
ती उचलेल, सेन्सरपाशी जाऊन बसेल,
तो अडखळला तर डुलकी काढेल, जागा होईल, पुन्हा विचारेल.
त्याला चालतं. त्याला अंग आहे.

अकरा ओळी काढल्या, सात घातल्या.
एक विसरत होतो, ग्वेनने मागे कधी बजावलेली:
ड्रायव्हर उतरवण्याआधी रांगेतलं काम संपेपर्यंत थांब,
नाहीतर कामगार चिठ्ठी घेऊन येईल
आणि घर जागेवर नसेल.
ती आठवी.

सात चाळीसला किल्ली वाजते.
कोट तसाच, बूट तसेच,
एस्तेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.
मी चहा टाकतो. कशी होती रात्र? ठीक होती.
छपरावर सीगल भांडतात.
मग बऱ्याच वेळाने, कुणी न विचारता:
"एक वाजता पॉम्फ्रे म्हणून एक आजोबा आले होते.
टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या हातातच होती.
मी सांगितलं नाही.
पट्टी बांधली आणि पुढच्याला हाक मारली."
आणि आता रडते,
साडेसहा तास उशिरा, बुटांकडे बघत.

मला आठला मीटिंग आहे.
लॅपटॉप उघडा, आठवी ओळ अर्धी.
मी दुसऱ्या पायरीवर बसतो.
कपातल्या चहावर साय धरते.
टोपीच्या मागे आणखी एक चिठ्ठी आहे, दिसतंय.
दोन असतील.