डांबरचा फोटो

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
नागपुरात कुणी फोटो काढायला बोलावत नाही.
बारापात्र्यांनी बोलावलं.
"तेव्हाच तर असतो न जी आम्ही सगळे एका खोलीत," वहिनी फोनवर म्हणाल्या,
"कूलर एकच आहे."

तोंडाला पांढरा स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, खिशात कांदा,
डिकीत चादरीच्या घडीत झोपवलेला कॅमेरा.
मानेवाड्याच्या सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या
रेषेच्या वीस हात अलीकडे, कडुनिंबाची सावली जिथं संपते तिथं.
हिरवा पडला तरी कुणाला घाई नव्हती.

माझा स्कार्फ सुटेपर्यंत डांबर भुंकला,
तोंड दिसल्यावर लाजल्यासारखा फरशीवर जाऊन पडला.
चौदा वर्षांपूर्वी समोरचा रस्ता होत होता,
तेव्हा पिपाशेजारी सापडला, चारही पाय चिकटलेले.
वहिनींनी खोबरेल तेलाची अख्खी बाटली लावून सोडवला.
मुळातच काळा,
त्यामुळे डांबर कुठं संपतं आणि कुत्रा कुठं सुरू होतो
हे बाटली रिकामी होईपर्यंत कळलं नाही म्हणे.

आता भुवया पिकल्यात. मागचा एक पाय जिन्याला नाही म्हणतो.
म्हणूनच मी. कारण कुणी उच्चारलं नाही.

काळोख, खसाचा वास, काळी कडप्पा फरशी.
उन्नती नखांना रंग लावत होती, अंदाजानं.
अथांग कूलरच्या तोंडाशी तोंड नेऊन
स्वतःच्या आवाजाचे तुकडे करत होता.
वहिनी कैऱ्या सोलत होत्या,
मोरेश्वरभाऊ बनियनवर, पेपर पोटावर.
सगळं हवं तसं, फक्त
माझ्या पडद्यावर काळ्यावर काळा:
दोन डोळे, एक जीभ.

"थोडा उजेड लागेल," मी म्हणाले.
नखं थांबली, कैरी थांबली.
मे महिन्यात उजेड मागणं म्हणजे ऊन मागणं,
मलाही ठाऊक होतं.
"कितीसा?" अथांगनं विचारलं.
"सेकंदाचा शंभरावा भाग."
"एवढासाच? मग घ्या न."

मागच्या दाराची तट्टी बाहेरून तारेनं बांधलेली.
भाऊ उठले, घराला वळसा घालून अनवाणीच अंगणात गेले.
तार सुटल्याचा आवाज आला.
"उचलू काय?"
"उचला!"

आधी झळ आली, मग उजेड.
कैऱ्यांची सालं हिरवीगार झाली,
उन्नतीला कळलं की रंग बोटभर बाहेर गेलाय.
आणि जिन्याला नाही म्हणणारा डांबर
उठला, सरळ उजेडात चालू लागला.
"अबे कुठं चालला, पकडा त्याला!"
अथांगच्या हाती शेपूट, वहिनींच्या हाती सोलाणं,
मी बोट दाबलं.

तट्टी पडली. कूलर पुन्हा एकटाच बोलू लागला.
सगळे माझ्या पाठीशी जमले, बघायला.

तीन तोंडं उघडी. एक साल हवेत.
शेपटीची रेघ झालेली.
चौकटीच्या कडेला, तट्टीखाली, उन्हात
एकच पाऊल, टाचेला भेगा,
आणि त्यावर टेकलेलं काळं नाक.

"हे काय, एकच पाय?" उन्नती म्हणाली.
"दुसरा भाजत असेल," वहिनी म्हणाल्या,
आणि बराच वेळ कैरी हातातच राहिली.

अथांगला मात्र पटलं नाही.
"डोळे मिटलेत डांबरचे. बाबा! परत उचला!"

अंगणातल्या नळाखाली पाय धरल्याचा आवाज येत होता.
"आता नाही न, बाप्पा!"