फाउंडेशन

म्हापशाच्या दुकानदाराने काउंटरवर तीन रबर आपटले.
"फाउंडेशन, ओमनीचे. ओरिजिनल हवे तर सोमवारी या."
सोमवारी पुन्हा फेरीबोट, पुन्हा रांग.
होते तेच घेतले.
पिशवीत तीन काळे लाडू,
त्यांवर शेवंतीने सांगितलेली मिरची.

गाडी सव्वीस वर्षांची, माझ्याकडे अकरा.
न्यूट्रलला उभी केली की गिअरचा दांडा
अवसर आल्यासारखा घुमायचा,
आरशात मागची माणसे दोन-दोन दिसायची,
रिव्हर्स टाकला की सीटखालून एक ठोका,
जसे खाली कोणी भाडे मागायला आले आहे.

इनासचा नातू एल्रॉय टॉर्च धरायला आला.
मागच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे,
जॅकवर फणसाची फळी, फळीवर ऑइल सम्प.
"मध्ये लाकूड हवे," मी म्हटले,
"लोखंडाला लोखंड थेट भेटले
की एकाला खड्डा पडतो."
"हूं," एल्रॉय म्हणाला. टॉर्च माझ्या कानावर,
डोळे मोबाइलवर.

पहिला बोल्ट सुटला.
दुसरा नाही.
चोडणच्या धक्क्यावर भरतीचे पाणी रॅम्प चढून येते,
चाके चाटते, पत्रा चाटते;
अकरा वर्षांचे मीठ त्या बोल्टच्या गळ्यात.
रॉकेल घातले. चहा प्यालो. पुन्हा रॉकेल.
सतरा नंबरचा पाना, पान्यावर पाइप, पाइपवर मी,
आणि तोंडात एक शब्द
जो स्वयंपाकघरात ऐकू गेलाच नाही
असे शेवंतीने दाखवले.

जुने रबर हातात आले.
तेल पिऊन फुगलेले, मधोमध फाटलेले,
फटीतून बोट आरपार.
दाबले तर काळा भुगा.
किती दिवस इंजिन नुसत्या सवयीवर बसले होते
कोण जाणे.

एकतीस वर्षे मी फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये.
रायबंदर, चोडण, रायबंदर.
लग्नानंतर आठवडाभराने शेवंती अंधारात म्हणाली होती,
"तुमचे पाय अजून चालू आहेत."
निवृत्त झालो आणि महिनाभर झोप नाही.
मग ही गाडी पाहायला गेलो,
सीट उचलली तर खालीच इंजिन.
बसलो, चावी फिरवली,
आणि अंगाने ओळख दिली. भावही केला नाही.
पुढे रबर झिजत गेले, थरथर वाढत गेली,
तक्रार माझी नव्हती.
तक्रार शेवंतीची:
"पणजीला पोचेपर्यंत कवळी ढिली होते."

नवे रबर बसले.
एल्रॉय जोर लावून बोल्ट आवळू लागला.
"थांब. आधी बोटांनीच.
जॅक उतरव, इंजिनला खाली येऊ दे,
वजन कुठे टाकायचे ते त्याचे त्याला ठरवू दे.
मग आवळ."
ह्या वेळी "हूं" नाही.
टॉर्च बरोबर जागी.

चावी फिरवली.
काहीच नाही. पुन्हा फिरवली,
तर स्टार्टर असा किंचाळला
की माडावरचे कावळे उडाले.
इंजिन चालूच होते.
एल्रॉय चिऱ्यावर बसून हसत राहिला,
मी दांड्यावर तळहात ठेवला: गार, गप्प,
परक्याच्या गाडीतला.

संध्याकाळी दोघे पणजीला निघालो.
रांगेत आरशात एका माणसाचे एकच माणूस.
शेवंती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली,
मला सगळे ऐकू आले,
तिच्या बहिणीचे पैसे द्यायचे राहिलेत तेही.

बोट सुटली. मी गाडी बंद केली, उतरलो,
चपला काढल्या
आणि लोखंडी डेकवर अनवाणी उभा राहिलो.
खाली कोणीतरी नवा पोरगा असेल;
डावे इंजिन जरा घाईत होते.
शेवंतीने काच खाली केली.
"काय झाले?"
"काही नाही. रबर तपासतोय."
"चपला काढून?"