लायक व्यक्ती

गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात एक.
कीथली.
कागदावर मधे जी-एच आहेत,
ते कुणाच्याच तोंडात येत नाहीत.
अकरा वर्षांत मीही चुकेनाशी झाले.

घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करणारी संस्था काढायची
तर आधी सरकारी नियामकाकडे नोंद हवी.
म्हाताऱ्यांचं करणं.
आपल्याकडे एवढ्यात भागतं,
काय करणं ते कुणी विचारत नाही.
इथे त्याला तेवीस पानं लागतात.

पान चौथं, संस्थेचं नाव.
मी ओवरी लिहिलं होतं.
हिशेब बघणारा ट्रेव्हर चहात बिस्किट धरून म्हणाला,
उल्का, हे आमच्यात बाईच्या पोटात असतं. अंडाशय.
मग ओसरी.
त्यानं मोठ्यानं वाचलं : ओ, सॉरी.
पुन्हा वाचलं : ओ, सॉरी केअर लिमिटेड,
आणि बिस्किट तुटून तळाला गेलं.
राहू दे, म्हटलं.
परक्याच्या न्हाणीघरात शिरताना
तसाही पहिला शब्द तोच असतो.

पोलिसांकडून दाखला आला :
माझ्याबद्दल त्यांच्याकडे काहीही नाही.
काही नाही हे लिहून मिळायला बावीस दिवस.

पान नववं, उद्देश.
'व्यक्तिगत निगा' लिहिलं. त्यांना हाच शब्द लागतो.
पण डोळ्यांसमोर मिसेस हेबलथ्वेट,
पाठीवर स्पंज फिरला की
लोकरीच्या गिरणीतल्या मुकादमाला अजून शिव्या घालणारी,
डावा पाय आधी पुसला तर दिवसभर न बोलणारी.
उजवा आधी.
हे कुठल्या रकान्यात घालू?

धोरणं जोडा :
तक्रारींचं, औषधांचं, कुणी पडलं तर त्याचं,
कुणी गेलं तर त्याचं.
तयार विकत मिळतात, गाळलेल्या जागी आपलं नाव भरायचं फक्त.
मी नाही घेतली. भांडी आवरून रात्री बसले, स्वतः लिहिली.
शेवटच्याशी अडले.
डॉक्टरला फोन, नातेवाइकांना फोन, वेळेची नोंद,
सगळं आहे.
खिडकी उघडायची की नाही, ते नाही.

मग मुलाखत, पडद्यावर.
मी 'लायक व्यक्ती' आहे का ते बघायला.
मिस ऑग्डन, सर्दी झालेली, मागे वाळत घातलेले मोजे.
माणूस अंघोळीला नको म्हणाला तर?
नको म्हणजे नको, मी म्हटलं. केटल लावते, शेजारी बसते,
जरा वेळानं पुन्हा विचारते.
आणि तुमची वेळ संपली असेल तर?

याचं उत्तर पाठ होतं :
नोंद करायची, ऑफिसला कळवायचं.
तोंडातून निघालं वेगळंच.
मी थांबायचे. त्या मिनिटांचे पैसे
आमची एजन्सी द्यायची नाही, तरी.

तिनं लिहून घेतलं.
नाक पुसलं.
उद्या तुमच्या पगारावरची बाई अशी थांबली,
तर तुम्ही द्याल?

अकरा वर्षं हा प्रश्न माझा होता.
तो असा माझ्याकडेच तोंड करून येईल
असं वाटलं नव्हतं.
मोजे हलत होते तिच्या मागे.
बघते, म्हटलं मी.
हुबेहूब माझा सुपरवायझर.

त्या रात्री आणखी एक धोरण लिहायला घेतलं,
थांबलेल्या मिनिटांचं.
चौदा घरं, सहा बायका, दर घरी दहा मिनिटं धरली.
ट्रेव्हर म्हणाला, बसत नाही.
आठ धरली. तरी नाही.
पाच धरताना हात आखडला.
पान अजून अर्धंच आहे.

सोमवारी सकाळी सात, जुन्याच एजन्सीच्या निळ्या अंगरख्यात
मिसेस हेबलथ्वेटच्या न्हाणीघरात.
झालं का तुझं ते, कागदांचं?
अजून विचारतायत.
मला कुणी विचारलं नाही ते, ती म्हणते.
पाणी गार आहे.