दोनच्या खेळात मरणारा

मक्याच्या कापलेल्या शेतात गाडी लावायची,
पिवळ्या जाकिटातला पोरगा हात करतो तिथे,
आणि पाच मिनिटं चाललं की सोळावं शतक.
प्लायवूडचं. वेशीवरचा पहारेकरी
"यावं, महाराणींच्या मुलखात यावं" म्हणत
मनगटाला कागदी पट्टी चिकटवतो.
त्याच्या भाल्यावर किमतीचं लेबल अजून तसंच.

विस्कॉन्सिनमधला सप्टेंबर. मखमली झग्यांच्या आत
दरबार घामानं निथळतोय.
लोहार ऐरणीवर खराखुरा नाल ठोकतो;
सोमवारी शाळेची बस चालवतो, त्यानंच सांगितलं.
एक जोगी टर्कीची तंगडी फोडतोय,
आणि गवती छपराखाली,
सहज दिसू नये अशा बेतानं, पैसे काढायचं मशीन.

मी हसायला आले होते.

झुंजीच्या मैदानाशी, पेंढ्याच्या गठ्ठ्यावर,
शेजारी अर्लिस. मांडीवर विणकाम, पायाशी थर्मास.
"काळा सरदार माझा नवरा," ती म्हणाली.
"दोनला मरतो, पाचला मरतो.
एकोणीस वर्षं झाली. धुणं माझ्याकडे."
आणि जिंकणारा?
"वर्लिन. तो जिंकतो. तसं लिहिलेलंच आहे."
चार टाके झाल्यावर, मान वर न करता:
"यंदा खांदा गेलाय त्याचा. कुणाला सांगत नाही.
आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

कर्णे वाजले. एक जरा उशिरा.
घोडे सुटले. लिहिलेलं त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं,
ते आपले जीव खाऊन धावले,
मातीची ढेकळं पहिल्या रांगेच्या बिअरमध्ये,
आणि वर्लिनचा भाला
ढालीपासून वीतभर लांबून
नुसत्या हवेतून निघून गेला.

काळा सरदार खोगिरावर ताठ, धडधाकट,
जिवंत राहून अवघडलेला.
पोरं ओरडली, "पड ना! पड!"
चोपदारानं घसा खाकरला, पण पुढचं वाक्य
माणूस मेल्यानंतरचं होतं.
अर्लिसच्या सुया थांबल्या.

त्यानं घोडा मैदानाच्या मध्यावर आणला.
रिकिबीतून पाय काढला, उतरला;
भांड्यांचं कपाट कलंडावं तसा आवाज.
खाली दगडबिगड नाही ना, बुटानं चाचपलं,
एक गुडघा टेकला, मग दुसरा,
आणि निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं
स्वतःला सावकाश मातीवर ठेवलं.

लोक खदखदून हसले. मीही.
मग वर्लिननं शिरस्त्राण काढलं.
पांढरे केस कपाळाला चिकटलेले.
वरून तो खाली बघत राहिला,
इतका वेळ, की हसणं
एकेका गठ्ठ्यावरून उठून गेलं.
कुणीतरी कोपर मारल्यावर महाराणींनी रुमाल टाकला.
आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, विचारू नका.

"पाठीला माती," अर्लिस म्हणाली,
"चिखल नाही, नशीब," आणि सुटलेला टाका उचलला.

पाचच्या खेळाला मी थांबले.
ऊन तिरपं झालेलं, अर्धे गठ्ठे रिकामे.
घोडे पुन्हा तसेच, जीव खाऊन.
या वेळी काळा सरदार चांगला पडला,
दोन कोलांट्या, ढाल एकीकडे, पीस एकीकडे.
फक्त
भाला पोचायच्या जरासा आधी.