बेचाळीस फूट नऊ इंच

आनंदा माजगावकर माझ्या टेबलासमोर बसतो
आणि पिशवीतून काढतो कंपनीचं पत्र,
चार घड्यांचं, घडीघडीवर शाडूची पांढुरकी रेघ.
मी ट्रेझरीसमोर अर्ज लिहिते. बावीस वर्षं झाली.
वारस नोंद, वीजबिल, दाखल्यावर चुकलेली जन्मतारीख.
अलीकडे विम्याचेच जास्त.

पत्रात असं आहे:
घटनेच्या दिवशी पहाटे चार वाजता
राजाराम बंधाऱ्यावर पाणी बेचाळीस फूट नऊ इंच.
धोका पातळी त्रेचाळीस.
सबब पॉलिसीतील व्याख्येनुसार पूर आलेला नव्हता.

"ताई, मग कुंभार गल्लीत आलं त्ये काय हुतं?"

साडेतीनशे मूर्ती. फळ्यांवर, ओळीनं,
रंग व्हायचा होता, डोळ्यांची आखणी राहिली होती.
आधी उंदीर विरघळले. मग पाट,
मग मांड्या, मग मोदकाचा हात.
ज्यांनी काही पाहिलंच नव्हतं अजून
ते परत चिखल झाले,
आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणायला
कुणाचं तोंड उघडलं नाही.
तीन इंच कमी पडले.
आनंदा बोटं धरून दाखवतो, एवढे.

या गावात आम्ही सगळं निवडून देतो.
तालमीचा अध्यक्ष, दूध संस्थेचा संचालक,
कारखान्याचं पॅनेल, पतपेढीचं पॅनेल.
आमच्या बायकांच्या भिशीतसुद्धा दोन गट आहेत
आणि मी पडलेल्या गटात.
पण पूर कशाला म्हणायचं हे ठरवणारा माणूस
शाई लागलेल्या कुठल्याच बोटातून आलेला नाही.
तो हैदराबादेत असतो म्हणतात. किंवा त्याची फाईल असते.

"भाचा हाय माझा अमेरिकेला.
तिकडं काही राज्यांत विम्यावरचा सायेब
लोकं मतं टाकून निवडत्यात म्हणं."
असेल, मी म्हणते.
आणि म्हणता म्हणता तो दिसायलाच लागतो मला:
चिन्ह छत्री. रिक्षावर भोंगा.
येऊन येऊन येणार कोण, असं ओरडत
शाहूपुरीत वळतोय, हात जोडलेले,
म्हणतोय, त्रेचाळीसचे एकोणचाळीस करतो,
हप्ता निम्मा करतो, आई अंबाबाईची आण.
रात्री तांबडा-पांढरा. पंगतीवर पंगत.
बिल कुणी भरलं ते वाढप्यालाही ठाऊक नाही,
पण गाडीच्या काचेवर कंपनीचं कॅलेंडर आहे.
मग गुलाल. मग पाच वर्षं सत्कार.
हप्ता निम्मा, आणि दावे द्यायला तिजोरीत खडखडाट.

एवढं सगळं मला कळतं.
तरी एकदा, मतासाठी का होईना,
त्याला आनंदाच्या उंबऱ्यात उभं राहावं लागलं असतं.
मान वाकवून, दार बुटकं आहे.
भिंतीवरची ती तपकिरी रेघ
त्याच्या पँटच्या खिशाशी आली असती
आणि त्यानं, निदान फोटोपुरता,
हात लावला असता तिला.

मी लिहिते: मा. विमा लोकपाल, पुणे.
विषय. संदर्भ. महोदय.
"त्यास्नी लिवा की, येऊन बघा म्हणावं."
तसं लिहायची पद्धत नाही, मी म्हणते.
इतर माहितीसाठी दोन ओळी आहेत फक्त.
तो गप्प राहतो. नखांतली माती दुसऱ्या नखानं काढतो.
मग पिशवीत हात घालून
गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा टेबलावर ठेवतो.
अर्धा निळा, अर्धा तपकिरी,
मधे ती रेघ, फुटपट्टीनं ओढल्यासारखी.
"ह्ये जोडा."

स्टेपलर बसला नाही.
जुन्या साडीच्या काठात गुंडाळून
जाड लिफाफ्यात घातला, जोडपत्र क्रमांक पाच.
पोस्टातल्या बाईनं काट्यावर ठेवला
आणि माझ्याकडे बघितलं.
आत काय आहे एवढं जड?
भिंत, मी म्हटलं.
तिनं तिकिटं लावली.